तीस डॉलरच्या रेडिओचे परीक्षण

हौशी रेडिओचा, म्हणजे ‘हॅम’चा, परवाना नुकताच हातात पडलेल्या माणसाला अमेरिकेत दोन सल्ले मिळतात आणि दोन्ही सहसा एकाच दिवशी मिळतात. क्लबातले पांढऱ्या केसांचे गृहस्थ सांगतात, “त्या चिनी डबड्याला हात लावू नकोस. पैसे साठव आणि चांगला जपानी सेट घे.” शेजारच्या खुर्चीवरचा तरुण सांगतो, “तीस डॉलरला मिळतो, घेऊन टाक. बिघडला तर फेकून दे.” दोघेही अनुभवी, दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. पण परीक्षण असे दोघांपैकी कोणीच केलेले नसते. एकाने नाव पाहून मत बनवलेले असते, दुसऱ्याने किंमत पाहून.

आपल्या मंडळींमध्ये हा विषय निघण्याचे कारण मुले. इथली ‘टेक्निशियन’ परीक्षा पस्तीस प्रश्नांची, त्यातले सव्वीस बरोबर आले की पास. या वर्गासाठी मोर्सच्या ‘डा-डिट’ची अट १९९१ साली गेली आणि २००७ साली सगळ्याच वर्गांतून गेली. त्यामुळे सहावी-सातवीतला मुलगा किंवा मुलगी दोन महिने अभ्यास करून परवाना काढू शकते, आणि काढतेही. मग बक्षीस म्हणून आई-बाबा घरबसल्या एक काळा हातरेडिओ मागवतात. तो येतो, चार्ज होतो, आठवडाभर खरखरतो, आणि महिन्याभरात बॅडमिंटनच्या जुन्या रॅकेटशेजारी कपाटात जाऊन पडतो. असे किती संच किती कपाटांत पडले आहेत याची कोणी मोजदाद केलेली नाही, पण ज्या ज्या घरी विचारावे तिथे एखादा निघतो. त्या मुलीने मात्र मनात नोंद केलेली असते की हॅम रेडिओ म्हणजे काही खास नाही. तीस डॉलर बुडाल्याचे दुःख नाही, ही नोंद महागात पडते. म्हणून या यंत्राकडे जरा बारकाईने पाहावेसे वाटते.

या जातीचा आद्य पुरुष म्हणजे बाओफेंग कंपनीचा ‘यूव्ही-५आर’. २०१२ साली तो बाजारात आला आणि त्याने नवशिक्याचे गणितच बदलले. त्याआधी दोन्ही बँडांवर, म्हणजे दोन मीटर (१४४ ते १४८ मेगाहर्ट्झ) आणि सत्तर सेंटिमीटर (४२० ते ४५० मेगाहर्ट्झ) या पट्ट्यांवर, चालणाऱ्या जपानी हातरेडिओला दोन-तीनशे डॉलर मोजावे लागत. याने ती किंमत एकदम कितीतरी खाली आणली. मागोमाग त्याची भावंडे, चुलत भावंडे, नाव बदलून आलेली तीच यंत्रे, आणि २०२३ साली क्वानशेंगचा ‘यूव्ही-के५’ अशी सगळी प्रजा आली.

इतके स्वस्त कसे? मजुरी कमी हे उत्तर अर्धवट आहे. खरी गोम आतल्या एका चिपमध्ये आहे. जपानी परंपरेतला संच, उदाहरणार्थ २००४ साली आलेला याएसूचा ‘एफटी-६०’, आलेला संकेत दोन पायऱ्यांनी खाली उतरवतो आणि प्रत्येक पायरीवर स्फटिकाच्या किंवा सिरॅमिकच्या गाळणीतून गाळून घेतो. यात सुटे भाग पुष्कळ, जुळवणी पुष्कळ, म्हणून पैसेही पुष्कळ. यूव्ही-५आरमध्ये आरडीए नावाच्या शांघायच्या कंपनीने केलेली नखाएवढी चिप असते. ती आलेला संकेत जवळजवळ थेट खाली आणते, त्याचे आकडे करते, आणि पुढचे सगळे गाळणे-चाळणे अंकगणिताने उरकते. पाठवतानाही मूळ संकेत तीच तयार करते. बाहेर उरते काय, तर एक छोटा प्रवर्धक, थोड्या कॉइल आणि कपॅसिटर, बॅटरी, कळफलक आणि एक टॉर्च. (टॉर्च उत्तम आहे. निर्विवादपणे.) हार्डवेअरचे काम सॉफ्टवेअरवर ढकलण्याचा आमच्या धंद्यातला हा जुना खेळ आहे, आणि एक अभियंता म्हणून मला ही रचना मुळीच हलकी वाटत नाही. तीस डॉलरात एवढे बसवणे ही अक्कलहुशारी आहे. तिला ‘डबडे’ म्हणणाऱ्याने ते एकदा उघडून पाहावे.

दोष आहे तो या चिपच्या बाहेर, त्या थोड्या कॉइल-कपॅसिटरांत.

कुठलेही प्रक्षेपण यंत्र हव्या त्या फ्रीक्वेन्सीबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट फ्रीक्वेन्सीवरही थोडे ओरडते. तबल्यावर थाप मारली की मूळ नादाबरोबर वरचे नादही उमटतात, तसेच हे. संगीतात ते हवे असतात, रेडिओत नको असतात. म्हणून अँटेनाच्या अलीकडे गाळणी बसवायची असते, आणि ती किती घट्ट असावी याचा अमेरिकेत कायदा आहे. पंचवीस वॅटपर्यंतच्या या वर्गातल्या यंत्राने कुठल्याही अवांतर फ्रीक्वेन्सीवर पंचवीस मायक्रोवॅटपेक्षा जास्त शक्ती सोडता कामा नये. पाच वॅटच्या हातरेडिओच्या हिशेबाने हा मूळ शक्तीचा दोन लाखावा भाग झाला, म्हणजे डेसिबेलच्या भाषेत त्रेपन्न डेसिबेल खाली. हा नियम तीसपासून दोनशे पंचवीस मेगाहर्ट्झपर्यंतच्या प्रक्षेपणाला, म्हणजे दोन मीटरच्या बँडाला लागतो.

अमेरिकन रेडिओ रिले लीग ही इथल्या हॅम लोकांची १९१४ सालापासूनची संस्था. तिच्या प्रयोगशाळेने मेळाव्यांत टेबल मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या खिशातले हातरेडिओ अनेक वर्षे तपासले आणि त्याचे निष्कर्ष २०१५ साली आपल्या ‘क्यूएसटी’ मासिकात छापले. प्रस्थापित जपानी कंपन्यांचे संच जवळजवळ सगळे उत्तीर्ण. बाओफेंगचे मात्र दोन मीटरवर मोठ्या प्रमाणात नापास, आणि सत्तर सेंटिमीटरवर पुष्कळ बरे. हा फरक का पडतो हे समजण्यासारखे आहे. १४६ ची दुप्पट २९२. ज्या वाटेने साडेचारशे मेगाहर्ट्झ सुखाने बाहेर पडायला हवेत, त्याच वाटेने २९२ सुद्धा बाहेर पडणार. ते अडवायचे तर दोन मीटरसाठी वेगळी गाळणी आणि ती आत-बाहेर करणारी व्यवस्था लागते. वरच्या बँडाची दुप्पट मात्र नऊशेच्या आसपास जाते. तिथे प्रवर्धक स्वतःच धापा टाकतो, त्यामुळे निसर्गच गाळणीचे काम करतो. काटकसर झाली आहे ती नेमकी खालच्या बँडाच्या गाळणीत.

याचे परिणाम किती? इथे दोन्ही बाजू अतिशयोक्ती करतात. २९२ मेगाहर्ट्झ हा भाग लष्करी विमानांच्या संभाषणाच्या पट्ट्यात, म्हणजे २२५ ते ४०० मध्ये येतो. हे ऐकले की लोक घाबरतात. पण समजा एखादा संच नियमापेक्षा वीस पट वाईट निघाला, तरी तो अर्धा मिलिवॅट सोडतो. खिशातल्या आखूड अँटेनावरून त्याने विमान पाडायची शक्यता नाही. म्हणून “त्यात काय एवढे?” असा दुसरा सूर लागतो, आणि तोही मला मान्य नाही. एक तर तोच संच उद्या छपरावरच्या अँटेनाला लागतो किंवा पन्नास वॅटच्या प्रवर्धकाला जोडला जातो, आणि मग अवांतर आवाजही मोठा होतो. दुसरे असे की, हौशी रेडिओच्या बाबतीत सरकारने एक विलक्षण विश्वास टाकलेला आहे. तुम्ही यंत्र घरी बांधा, मोडतोड करा, आम्ही दारात येणार नाही, पण तुमच्या अँटेनातून काय बाहेर पडते याची जबाबदारी तुमची. परीक्षेत हे शिकवायचे आणि पहिल्याच दिवशी मुलाच्या हातात ते न पाळणारे यंत्र ठेवायचे, यात विसंगती आहे. ती विसंगती फक्त काही सेंट किमतीच्या भागांसाठी निर्माण झाली याचा मला अधिक राग येतो.

त्यातही सर्वांत त्रासदायक गोष्ट सरसकट वाईटपणाची नाही, अनिश्चितीची आहे. एकाच नावाचे, एकाच रंगाच्या खोक्यातले दोन संच घ्या. एक नियमात बसतो, दुसरा बसत नाही. आतली रचना न सांगता बदललेली असते, नाव मात्र तेच. अशा वस्तूचे परीक्षण करणारा समीक्षक अडचणीत येतो, कारण त्याने ज्याची स्तुती केली ते यंत्र वाचकाला मिळेलच असे नाही. आता पन्नास-साठ डॉलरात ‘टायनीएसए’सारखे छोटे स्पेक्ट्रम मापक मिळते, आणि मध्ये पुरेसा अॅटेन्युएटर लावला तर घरच्या टेबलावर ही तपासणी होते. पण तीस डॉलरचा रेडिओ तपासायला साठ डॉलरचे यंत्र, हा व्यवहार कोकणस्थालाच काय, कोणालाच पटणार नाही. क्लबाकडे ते असावे, आणि नव्या माणसाचा संच पहिल्या बैठकीत तपासून द्यावा, हे शक्य आहे.

आता ऐकण्याबद्दल. नवशिक्याची मुख्य तक्रार ‘काहीच ऐकू येत नाही’ ही असते, आणि तो समजतो की रेडिओ बहिरा आहे. खरे तर तो फार तीक्ष्ण कानाचा आहे. डोंगरावर, शहराबाहेर नेऊन पाहा, दूरचा क्षीण रिपीटरही तो नीट उचलतो. पण गावाच्या गोंगाटात त्याला कोण बोलतो ते कळत नाही. जर्सी सिटी किंवा शिकागोच्या मध्यवस्तीत एफएम केंद्रे, हॉस्पिटलांचे पेजर, पोलिसांचे आणि अग्निशामक दलाचे प्रक्षेपण असे सगळे एकदम अँटेनावर आदळते. महाग संचात पहिल्याच दारात निवडक गाळणी असते, नको त्यांना ती बाहेरच थांबवते. इथे दार जवळजवळ उघडे आहे. सगळा जमाव आत घुसतो, पहिलाच प्रवर्धक गुदमरतो, आणि एकदा तो गुदमरला की पुढचे अंकगणित कितीही हुशार असले तरी उपयोग नाही. जे संकेत आत येतानाच मोडले ते सॉफ्टवेअरने जोडता येत नाहीत.

यातून एक चमत्कारिक प्रकार घडतो. ऐकू येत नाही म्हणून माणूस मोठी अँटेना विकत घेतो. अँटेना खरोखर चांगली असते, त्यामुळे जमाव आणखी मोठा आत येतो आणि ऐकू येणे आणखी कमी होते. माणूस म्हणतो अँटेना खोटी निघाली. नाचता येईना अंगण वाकडे, असे आपण नवशिक्याला म्हणतो खरे, पण इथे अंगणही थोडे वाकडेच आहे.

शक्तीच्या जाहिरातींबद्दल फार लिहीत नाही. पाच वॅटऐवजी आठ वॅटचा ‘सुधारित’ संच दुप्पट किमतीला घेणाऱ्याने एवढेच लक्षात घ्यावे की हा फरक दोन डेसिबेलचा आहे, समोरच्याच्या मीटरवरच्या एका घराचा तिसरा हिस्सा. त्यापेक्षा एकोणीस इंच साधी वायर अँटेनाच्या बुडाशी, बाहेरच्या धातूच्या कड्याला जोडून खाली लोंबती सोडली, तर दोन मीटरवर जास्त फरक पडतो, आणि खर्च शून्य.

पण माझ्या मते या यंत्राचा सर्वांत मोठा दोष ना गाळणीत आहे, ना दारात. तो त्याच्या वागण्यात आहे. नवशिक्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट करायची असते: जवळच्या रिपीटरवर जाऊन आपले नाव सांगायचे. त्यासाठी तीन गोष्टी भराव्या लागतात. रिपीटरची फ्रीक्वेन्सी, ऐकण्या-बोलण्याच्या फ्रीक्वेन्सीतले अंतर (दोन मीटरवर सहसा ६०० किलोहर्ट्झ), आणि आपल्या आवाजाखाली गुणगुणणारा एक सूर, ज्याच्याशिवाय रिपीटर दार उघडत नाही. यूव्ही-५आरवर हे करायचे तर मेनू क्रमांक १३, २५ आणि २६ मध्ये जायचे, आणि साठवायला २७ मध्ये. त्यांची नावे पाच-सहा अक्षरांची संक्षिप्त कोडी. शिवाय साठवताना वरची ओळ निवडलेली असावी लागते, खालची चालत नाही. हे पुस्तिकेतून कळावे, तर पुस्तिकेचे इंग्रजी वाचून आपल्याकडच्या जुन्या गाइडांची आठवण यावी. एखादी बाई आतून “मेनू” असे खणखणीत सांगते, पण पुढे काय करायचे ते सांगत नाही.

यावर ‘चर्प’ नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, त्याने संगणकावरून सगळे एकदम भरता येते. तो लिहिणाऱ्यांचे उपकारच मानले पाहिजेत. पण मध्ये केबल लागते, स्वस्त केबलमध्ये नकली चिप असते, आणि विंडोजचे नवे ड्रायव्हर तिला ओळखूनही ओळख दाखवत नाहीत. म्हणजे बारा वर्षांच्या मुलीची रेडिओशी पहिली भेट ही ड्रायव्हरची जुनी आवृत्ती शोधण्यात जाते. सॉफ्टवेअरवाल्या बापाला यात मजा वाटू शकते. मुलगी तोवर उठून गेलेली असते.

जपानी संच या बाबतीत फार सोपे आहेत असे मी म्हणणार नाही. त्यांचेही मेनू भुलभुलैया आहेत. पण त्यातले अनेक संच दोन मीटरवर रिपीटरचे अंतर आपोआप धरतात, पुस्तिका माणसाने माणसासाठी लिहिलेली असते, आणि क्लबातल्या दहा जणांना तो संच तोंडपाठ असतो. या तिसऱ्या गोष्टीत मात्र काळ फिरला आहे. आज यूव्ही-५आर माहीत असलेले लोकच जास्त सापडतात.

दुसऱ्या एका प्रश्नाकडे आपल्या मंडळांनी लक्ष द्यायला हवे. गणेशोत्सवाला किंवा अधिवेशनाला पार्किंग, स्वयंपाकघर आणि रंगमंच यांचा मेळ घालायला कोणीतरी डझनभर स्वस्त वॉकी-टॉकी मागवतो आणि खोक्यातून काढल्या काढल्या स्वयंसेवकांना वाटतो. यांच्यात कारखान्यातून भरून आलेल्या फ्रीक्वेन्सी अनेकदा दुसऱ्या कोणाच्या तरी परवान्यातल्या असतात. मूळ यूव्ही-५आर तर १३६ ते १७४ आणि ४०० च्या पुढे कुठेही बोलू देत असे, पोलिसांच्या फ्रीक्वेन्सीवरसुद्धा. म्हणून २०१८ साली फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने या जातीचे संच विकणाऱ्या एका आयातदाराला लेखी समज दिली आणि सप्टेंबरमध्ये विक्रेते आणि वापरणारे अशा दोघांसाठी जाहीर इशारा काढला. हॅम परवानाधारकाने हॅम बँडात तो वापरणे निषिद्ध नाही. परवाना नसलेल्या स्वयंसेवकाने वापरणे निषिद्ध आहे, आणि “आम्ही फक्त मोदक आले का एवढेच विचारत होतो” हा बचाव होत नाही. दुकानात ‘एफआरएस’ लिहिलेले, अँटेना न निघणारे संच मिळतात. मंडळाने तेच घ्यावेत, त्यांना परवाना लागत नाही.

इतके दोष सांगून झाल्यावर वाचकाला वाटेल की मी पांढऱ्या केसांच्या गृहस्थांच्या बाजूला जाऊन बसलो. तसे नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाने नॉर्थ कॅरोलायनाचा पश्चिम डोंगराळ भाग धुऊन काढला, फोनचे मनोरे बंद पडले, तेव्हा माउंट मिचेलवरचा १४५.१९० मेगाहर्ट्झचा रिपीटर चालू राहिला. मिसिसिपीच्या पूर्वेकडचे हे सर्वांत उंच शिखर, ६,६८४ फूट. कोण कुठे अडकले, कोणाला औषध हवे, कोणता रस्ता उरला, हे दिवसचे दिवस त्यावरून चालले होते. अशा वेळी बोलणाऱ्याच्या हातात तीस डॉलरचा संच आहे की तीनशेचा, हे रिपीटरला कळत नाही. उंची शिखराची, ताकद रिपीटरची, आणि हातातल्या यंत्राचे काम फक्त तिथवर पोचण्याचे. तेवढे काम हा स्वस्त रेडिओ करतो. शिष्यवृत्तीवर शिकायला आलेल्या विद्यार्थ्याला तीस डॉलर आणि दोनशे डॉलर यांत महिन्याच्या किराण्याचा फरक असतो. त्याला “पैसे साठव” सांगणे म्हणजे “येऊ नकोस” सांगणे आहे. या रेडिओने दार उघडले हे नाकारणारा माणूस स्वतः केव्हा आणि कोणाच्या पैशाने आत आला हे विसरलेला असतो.

पण आपल्यापैकी बहुतेकांची ती स्थिती नाही. पियानोच्या एका तासाला साठ डॉलर देणारे, टेनिसच्या रॅकेटला दोनशे देणारे आपण, मुलीच्या रेडिओपाशी आल्यावर एकदम काटकसरी होतो. “आधी आवड आहे का पाहू, मग चांगला घेऊ.” हे वाक्य व्हायोलिनच्या शिक्षकासमोर म्हणून पाहावे. ते सांगतील की सूर न धरणाऱ्या वाद्यावर आवड आहे की नाही हे कळत नाही, फक्त वाद्य वाईट आहे एवढे कळते. म्हणून माझा निवाडा माणसागणिक वेगळा आहे. घरात किंवा क्लबात संच भरून देणारे कोणी असेल, तर तीस डॉलरचा खुशाल घ्यावा. आधी तपासून घ्यावा, नापास निघाला तर सत्तर सेंटिमीटरवर वापरावा. रिपीटर त्याच रात्री भरून द्यावेत, आणि त्याच आठवड्यात क्लबाच्या नेटवर हजेरी लावायला शेजारी बसावे. असे कोणी नसेल आणि ऐपत असेल, तर प्रस्थापित कंपनीचा साधा, शंभर-दीडशेचा संच घ्यावा. क्वानशेंगचा तो नवा संच ज्या मुलाला फर्मवेअर उचकटायचे आहे त्याच्यासाठी आहे. त्याच्यासाठी मात्र ते तीस डॉलरात मिळणारे उत्तम खेळणे आहे, आणि इथे ‘खेळणे’ हा शब्द मी कौतुकाने वापरतो.

भारतात जाताना भाच्याला भेट म्हणून हा संच बॅगेत टाकायचा विचार असेल तर तो सोडून द्यावा. तिथे प्रक्षेपण यंत्र जवळ बाळगायलाच परवाना लागतो, अमेरिकेचा परवाना आपोआप चालत नाही, आणि मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने विनापरवाना वॉकी-टॉकी विकणाऱ्या ऑनलाइन बाजारांना नोटिसा काढल्या आहेत. शिवाय तिथला दोन मीटरचा बँड १४४ ते १४६ एवढाच आहे. इथे भरून दिलेले १४७ मेगाहर्ट्झचे रिपीटर भाच्याच्या काही कामाचे नाहीत. त्याने तिथली परीक्षा द्यावी आणि संच तिथल्या नियमाने घ्यावा. तोवर त्याला परीक्षेचे पुस्तक आणि एक साधा, फक्त ऐकायचा रेडिओ पुरेसा आहे.